उंदराची शिंक आणि माणसाचे नाक

शिंकेला आपल्याकडे फार जुना मान आहे. घरातून कोणी बाहेर पडत असताना शिंक आली की वडीलधारे माणूस हटकून म्हणते, ‘जरा थांब, घोटभर पाणी पिऊन जा.’ एका शिंकेला एवढा मान. पण सकाळी उठल्याबरोबर ज्याला ओळीने पंधरा-वीस शिंका येतात, त्याने शकुन-अपशकुन पाळायचे ठरवले तर तो जन्मभर उंबऱ्याच्या आतच राहील. मी त्या जातीचा माणूस आहे. जुन्या पुस्तकांचे कपाट उघडले, गादी झटकली, की नाक वाहू लागते, डोळे चुरचुरतात आणि टाळूला अशा ठिकाणी खाज सुटते की तिथे बोट पोचत नाही. ही नेहमीची सर्दी नव्हे. हिच्यात ताप नाही, जंतू नाही, एकाची दुसऱ्याला लागण नाही. डॉक्टर हिला ॲलर्जिक ऱ्हायनायटिस म्हणतात. मराठीत याहून सोपा आणि नेमका शब्द आपल्याजवळ आहे : वावडे. माझ्या नाकाला धुळीचे वावडे आहे.

तथापि या लेखाचा विषय माझे नाक नव्हे. माझ्यासारख्यांच्या नाकासाठी प्रयोगशाळांतून जे प्राणी शिंकत असतात, त्यांच्याविषयी मला लिहायचे आहे. कला शाखेच्या नियतकालिकात हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील, म्हणून आधी थोडा खुलासा करतो.

मी तर्कशास्त्र शिकवतो. आपल्या देशात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला आणि प्राण्यांवरील प्रयोगांसंबंधीचे नियम १९९८ मध्ये आले. असे प्रयोग करणाऱ्या संस्थेत एक नीतिसमिती असावी लागते. तिच्यात शास्त्रज्ञ असतात, पशुवैद्य असतो, आणि विज्ञानाशी संबंध नसलेला पण समाजाचे भान असलेला असाही एक सदस्य असतो. एका औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाने या शेवटच्या खुर्चीसाठी मला बोलावले. पहिल्याच बैठकीत जो प्रस्ताव पुढे आला तो नेमका माझ्या आजाराचा निघाला. एका वनस्पतीचा अर्क वावड्याच्या सर्दीवर चालतो का, हे पाहायचे होते. त्यासाठी ४८ पांढरे उंदीर मागितले होते. प्रयोगाच्या अखेरीस सगळे मारायचे होते. कागदाच्या तळाशी माझ्या सहीसाठी एक रेघ आखलेली होती.

सही करण्यापूर्वी माझ्या मनात जो प्रश्न आला तो दयेचा नव्हता, माझ्या विषयाचा होता. उंदराच्या नाकाविषयी जे कळेल ते माझ्या नाकाला कोणत्या न्यायाने लागू होते?

पहिल्या वर्षाला आपण साम्यानुमान शिकतो. दोन वस्तूंत काही गुण सारखे आहेत, त्यांपैकी एकीत आणखी एक गुण आढळतो, म्हणून तो दुसरीतही असावा, असा हा तर्क. मी वर्गात नेहमी सांगतो की साम्ये किती आहेत याला फारसे महत्त्व नाही, ती प्रस्तुत आहेत की नाहीत याला आहे. दोन विद्यार्थी एकाच बाकावर बसतात, एकाच गावाहून एकाच एस.टी.ने येतात, दोघांचा सदरा निळा आहे. यावरून दोघांना सारखे गुण मिळतील असे अनुमान कोणी काढणार नाही. पण दोघांनी तेच पुस्तक तितकेच तास वाचले असेल तर निदान विचार करता येईल. वैद्यकात ज्याला प्राणि-प्रतिमान म्हणतात, म्हणजे माणसाच्या रोगाचा प्राण्यात तयार केलेला नमुना, ते साम्यानुमानच आहे. तेव्हा विचारायचे ते एवढेच, की उंदीर आणि मी यांत साम्य कुठे आहे, आणि जिथे ते हवे तिथेच आहे का?

याचे उत्तर शोधायचे तर आजार आत कसा घडतो ते थोडे पाहावे लागेल. परागकण किंवा धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची विष्ठा यांतले एखादे प्रथिन नाकात जाते. बहुतेकांचे शरीर त्याची दखल घेत नाही. काहींचे शरीर मात्र त्याला शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध एका खास वर्गाचे प्रतिपिंड तयार करते. या वर्गाला आयजीई हे नाव आहे. हे प्रतिपिंड नाकाच्या अस्तरातल्या मास्ट नावाच्या पेशींवर जाऊन बसतात. इथवर माणसाला काहीच जाणवत नाही. पुढे तेच प्रथिन पुन्हा आले की ते या प्रतिपिंडांना चिकटते आणि मास्ट पेशी आपल्या पोटातली हिस्टामिनची कोठारे काही मिनिटांत रिकामी करते. शिंका, खाज, पाण्यासारखे नाक वाहणे, हे बहुतांशी त्या हिस्टामिनचे काम. नंतर काही तासांनी दुसरी फेरी येते. तीत इओसिनोफिल नावाच्या रक्तपेशी अस्तरात जमा होतात आणि नाक चोंदते. रक्ताच्या तपासणीच्या कागदावर ‘इओसिनोफिल वाढले’ हे शब्द ज्यांनी वाचले असतील त्यांना या पेशींची ओळख आहेच.

म्हणजे आजार एक दिसला तरी त्यात कड्या अनेक आहेत. प्राण्याने आपल्याला संपूर्ण साखळी दिली की तिची एखादी कडी, हा सगळ्या वादाचा गाभा आहे.

या आजाराच्या इतिहासात पहिला प्रयोगप्राणी माणूसच होता, ही गोष्ट मला फार आवडली. १८१९ साली लंडनमध्ये जॉन बोस्टॉक या डॉक्टरने उन्हाळ्यात होणाऱ्या डोळ्यानाकाच्या विकाराचे सविस्तर वर्णन वैद्यांच्या सभेपुढे वाचले. रोगी तो स्वतःच होता. कारण मात्र त्याला उमगले नाही. ते शोधले मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकलीने. हाही आपल्यातलाच, म्हणजे शिंकणारा. त्याने गवताचे पराग स्वतःच्या नाकात घातले, कातडी खरवडून तिच्यावर लावले, आणि हवेत वरपर्यंत पराग असतात का हे पाहायला चिकट काचपट्ट्या लावून पतंग उडवले. १८७३ मध्ये त्याचे पुस्तक आले. एका प्राण्यालाही न दुखवता, केवळ स्वतःच्या नाकावर, त्याने कारण सिद्ध केले.

प्राणी आले ते पुढे, आणि तेही दुसऱ्याच वाटेने. १९०१ मध्ये मोनाकोच्या राजपुत्राच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्रातल्या विषारी प्राण्यांचा अभ्यास करत होते. पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रपुष्पाचे विष थोडे थोडे टोचून कुत्र्यांना त्याची सवय लावून पाहिली. लसीप्रमाणे पहिली मात्रा दुसरीपासून रक्षण करील अशी अपेक्षा होती. घडले उलटे. नेपच्यून नावाच्या धडधाकट कुत्र्याने आधीची मात्रा सहज पचवली होती. सुमारे तीन आठवड्यांनी तितकीच अल्प मात्रा पुन्हा दिली, तेव्हा तो पंचवीस मिनिटांत मेला. शरीराची संरक्षणव्यवस्था धन्यावरच उलटू शकते हे जगाला या कुत्र्याकडून कळले. रिशेला १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ॲलर्जी हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्केने १९०६ मध्ये घडवला, तोही याच शोधांच्या लाटेत. नेपच्यूनचे नाव मात्र पारितोषिकाच्या कागदावर कुठे नसणार.

त्यानंतर रंगभूमीवर गिनीपिग आला आणि बराच काळ त्याने दुसऱ्या कोणाला पुढे येऊ दिले नाही. हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी १९१० मध्ये हिस्टामिनचे गुणधर्म तपासले. गिनीपिगला ते टोचले की त्याच्या श्वासनलिका आवळल्या जातात आणि तो गुदमरतो. वावड्याच्या झटक्यातही गिनीपिग असाच मरतो. हे साम्य प्रस्तुत होते. मग पॅरिसच्या पाश्चर संस्थेत डॅनियल बोव्हे आणि त्याची विद्यार्थिनी ॲन-मारी स्टॉब यांनी उलटा प्रश्न घातला : हिस्टामिनने मरणाऱ्या गिनीपिगला वाचवील असे एखादे द्रव्य आहे का? १९३७ मध्ये तसे द्रव्य सापडले. ते माणसाला देण्याजोगे नव्हते, फार विषारी होते, पण वाट सापडली. १९४० च्या दशकात त्या वाटेने माणसाला चालणारी औषधे आली. आपल्या घरोघरच्या ॲव्हिलच्या गोळीपासून आजच्या सेट्रिझिनपर्यंत सगळी त्याच कुळातली. मी रोज रात्री जी गोळी घेतो तिच्या वंशावळीच्या मुळाशी गिनीपिग आहे, हे मला नाकारता येत नाही. जाता जाता सांगतो, जुन्या गोळ्यांनी झोप फार येते. गिनीपिग पेंगला तरी तो परीक्षेत नापास होत नाही किंवा यंत्रात हात घालून बसत नाही. त्या गुंगीचे मोल माणसांतच कळायचे होते.

इथे एक फरक मनात ठेवला पाहिजे. प्राणी कधी नमुना म्हणून वापरला जातो, तर कधी केवळ साधन म्हणून. १९६६ मध्ये अमेरिकेत डेन्व्हर येथे किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने आयजीई ओळखले. पुढच्याच वर्षी स्वीडनच्या जोहान्सन आणि बेन्निक यांना ते स्वतंत्रपणे सापडले. इशिझाकांनी या कामी सशांच्या रक्तरसाचा उपयोग केला, पण ससा शिंकतो की नाही याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. आयजीईलाच पकडून निष्प्रभ करणारे ओमालिझुमॅब हे औषधही मुळात उंदरात तयार झालेल्या प्रतिपिंडावरून घडवले. ते २००३ मध्ये अमेरिकेत दम्यासाठी आणि २०१९ मध्ये जपानमध्ये परागांच्या तीव्र वावड्यासाठी मंजूर झाले. इथे प्राणी कारखान्यासारखा आहे. ‘जसे त्याचे तसे आपले’ हे विधान इथे कोणी करतच नाही, म्हणून त्यावर तर्कशास्त्राचा आक्षेपही येत नाही. आक्षेप येतो तो नमुन्यावर.

आता आमच्या प्रस्तावातल्या उंदराकडे येतो. उंदराला हा आजार आपण होऊन होत नाही. तो घडवावा लागतो. साधारण रीत अशी आहे. बॅल्ब-सी या जातीचे पांढरे उंदीर घेतात. ही जात १९१३ पासूनच्या एका पांढऱ्या वंशातून, भावाबहिणींचे संकर पिढ्यान्‌पिढ्या करून स्थिर केली आहे. त्यामुळे यातले सगळे उंदीर जणू एकाच उंदराच्या प्रती असतात, आणि ही जात आयजीई तयार करण्यात तत्पर आहे. त्यांच्या पोटात अंड्याच्या पांढऱ्या भागातले ओव्हाल्ब्युमिन हे प्रथिन, तुरटीच्या नात्यातल्या ॲल्युमिनियमच्या एका संयुगात कालवून टोचतात. आठवड्याच्या अंतराने दोन-तीन वेळा. या संयुगाचे काम शरीराला चिथावण्याचे. मग तिसऱ्या आठवड्यापासून त्याच प्रथिनाचे थेंब रोज नाकात सोडतात. शेवटच्या थेंबानंतर दहा मिनिटे बसून उंदीर किती वेळा शिंकला आणि किती वेळा त्याने नाक चोळले हे मोजतात. अखेरीस रक्त आणि नाकाचे अस्तर तपासतात.

पोटात टोचण्याचा खटाटोप कशासाठी? मी समितीत हा प्रश्न विचारला तेव्हा मिळालेले उत्तर मला अजून पटावयाचे आहे, म्हणजे ते खरे आहे, पण विचारात पाडणारे आहे. चिथावणी न देता उंदराला नुसते ते प्रथिन हुंगवले, तर त्याचे शरीर त्याला शत्रू न मानता सोसायला शिकते. जी वाट माणसाला आजाराकडे नेते, ती ओव्हाल्ब्युमिनच्या बाबतीत उंदराला उलट दिशेला नेते. शिवाय अंड्याच्या कारखान्यात काम करणारे काही कामगार सोडले, तर अंडे हुंगून शिंकणारा माणूस सापडणे कठीण. म्हणून अलीकडे पुष्कळ संशोधक अंड्याऐवजी धुळीतल्या किड्यांचा अर्क वापरतात. घरातल्या धुळीच्या वावड्याला हे किडे कारण आहेत हे हॉलंडमधल्या लायडेन येथे १९६४ मध्ये सिद्ध झाले होते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे किडे सुखाने नांदतात. त्यांचा अर्क चिथावणीवाचून, नाकाच्याच वाटेने, उंदरालाही वावडे लावू शकतो. हे साम्य अधिक प्रस्तुत.

मोजणीही मी एकदा जाऊन पाहिली. तिथे त्या जागेला सगळे ॲनिमल हाऊसच म्हणतात. भाताच्या तुसावर ठेवलेले उंदीर, वर लोखंडी जाळी, आणि समोर घड्याळ घेऊन बसलेली एक विद्यार्थिनी. उंदराची शिंक ऐकू येण्यापेक्षा दिसते अधिक. डोके एकदम खाली झटकले जाते. नाक चोळणे मात्र घोटाळ्याचे. उंदीर स्वच्छ प्राणी आहे, पुढच्या दोन पायांनी तो दिवसातून कितीदा तरी तोंड धूत असतो. यातले धुणे कोणते आणि खाज कोणती? मी त्या मुलीला विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘सर, एकट्या उंदराकडे बघून सांगता येत नाही. म्हणून तर नुसते मिठाचे पाणी नाकात घातलेला गट शेजारी ठेवतो.’ जॉन स्टुअर्ट मिलची व्यतिरेक-पद्धती मी वीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो, ती अशी पिंजऱ्यात भेटेल असे वाटले नव्हते. दोन प्रसंगांत एकच गोष्ट वेगळी, बाकी सर्व सारखे. उंदीर एकमेकांच्या प्रती असतात त्याचा उपयोग इथे कळतो. पण तोच त्यांचा दोषही आहे. माणसे एकमेकांच्या प्रती नसतात. एकाच घरात राहून माझी पत्नी शिंकत नाही.

उंदराचे नाक आणि आपले नाक यांत इतरही अंतर आहे. उंदराच्या नाकातले जवळजवळ निम्मे अस्तर वास घेण्यासाठी असते, आपले त्या मानाने अगदी थोडे. आपले नाक चोंदले तर आपण तोंडाने श्वास घेतो. उंदीर नाकानेच श्वास घेणारा प्राणी, त्याचे चोंदलेले नाक ही त्याच्या दृष्टीने निराळीच आपत्ती. आणि हिस्टामिन, जे आपल्या शिंकेचे मूळ, ते उंदीर गिनीपिगच्या मानाने कितीतरी अधिक सोसतो. त्याच्या मास्ट पेशींत सेरोटोनिनसारखी दुसरी द्रव्येही असतात आणि ती आपले काम करून जातात. तेव्हा उंदराची शिंक थांबवणारे औषध नेमके काय थांबवते हे वेगळे तपासावे लागते.

मग गिनीपिग का नको? लक्षणांच्या बाबतीत तो आपल्या अधिक जवळ. त्याचे नाक आपल्यासारखे वाहते, आणि त्यात पहिली फेरी व काही तासांनंतरची दुसरी फेरी अशा दोन्ही दिसतात. जपानमध्ये तर सीडरचे पराग रोज हुंगवून त्याच्यात हुबेहूब चोंदलेले नाक तयार केले गेले. पण त्याच्या शरीरात आयजीईचे पुष्कळसे काम दुसऱ्याच वर्गाचे प्रतिपिंड उरकतात, आणि त्याच्या पेशी-जनुके तपासण्याची साधने उंदराच्या मानाने फार थोडी. म्हणजे आतली साखळी पाहायची तर उंदीर, बाहेरचे लक्षण पाहायचे तर गिनीपिग. ब्राऊन नॉर्वे नावाचा मोठा उंदीर भरपूर आयजीई करतो, त्याला त्या कडीपुरते बोलावतात. कुत्र्याला तर परागांचे वावडे आपोआप होते, पण त्याची खाज नाकापेक्षा कातडीत उतरते. तो पंजे चाटत बसतो. आंधळ्यांनी हत्ती चाचपला त्या गोष्टीत हत्ती तरी एक होता. इथे आपण सोंड एका प्राण्यात पाहतो आणि पाय दुसऱ्यात.

हे सारे वाचून मी समितीपुढे तीन गोष्टी मांडल्या. त्यांतल्या दोन किरकोळ होत्या. मोजणाऱ्याला कोणता पिंजरा कोणत्या गटाचा हे ठाऊक नसावे, आणि उंदरांची संख्या संख्याशास्त्रज्ञाला विचारून ठरवावी. तिसरी मात्र मला महत्त्वाची वाटली. प्रस्तावात अर्क पहिल्या टोचणीच्या दिवसापासून द्यायचा होता, म्हणजे उंदराला वावडे लागण्याच्या आधी. असा अर्क गुणकारी ठरला तर त्यावरून एवढेच सिद्ध होईल की तो वावडे लागू देत नाही. डॉक्टरकडे येणाऱ्या माणसाला ते केव्हाच लागलेले असते. लागलेले वावडे उतरवणे आणि न लागू देणे ही दोन वेगळी विधाने आहेत. छत्री पावसापासून वाचवते, भिजलेल्याला कोरडे करत नाही.

हा गोंधळ एकट्या आमच्या प्रस्तावात होता असे नव्हे. २००५ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी एक फार कल्पक प्रयोग प्रसिद्ध केला होता. सीडरच्या परागांतल्या प्रथिनाचे तुकडे ज्याच्या दाण्यात तयार होतील असे भाताचे वाण त्यांनी घडवले आणि ते उंदरांना खाऊ घातले. उंदरांचे आयजीई घटले, शिंका कमी झाल्या. पण तो भात त्यांनी वावडे लावण्याआधी खाल्ला होता. माणसांना औषध म्हणून तो भात अद्याप बाजारात आलेला नाही. आमच्या संशोधक प्राध्यापकांनी मुद्दा मानला. अर्क थेंब सुरू झाल्यानंतर द्यायचे ठरले आणि संख्या ४८ वरून ३६ वर आली. मग मी सही केली. ३६ ही संख्याही शून्य नाही, हे मला ठाऊक होते आणि आहे.

साम्यानुमान फसते तेव्हा काय होते याची उदाहरणे या क्षेत्रात कमी नाहीत. प्लेटलेटांना चेतवणारे पीएएफ नावाचे एक द्रव्य १९७० च्या दशकात सापडले. गिनीपिगांना ते दिले की दम्याचे हुबेहूब चित्र उभे राही आणि त्याचा विरोध करणारी द्रव्ये दिली की गिनीपिग वाचत. औषध सापडले असेच सर्वांना वाटले. माणसांच्या दम्यावर ती द्रव्ये वापरून पाहिली तेव्हा उपयोग जवळजवळ शून्य. टर्फेनाडिनची गोष्ट याहून गंभीर. झोप न आणणारी वावड्याची गोळी म्हणून १९८० च्या दशकात तिचे मोठे स्वागत झाले. पुढे असे दिसले की काही विशिष्ट औषधांबरोबर ती घेतली तर यकृतात तिचा निचरा होत नाही आणि हृदयाचे ठोके घातकपणे बिघडतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती अमेरिकेच्या बाजारातून गेली. उंदराच्या हृदयातली विद्युत्-व्यवस्था माणसाहून निराळी आहे, तिथे हा धोका नीट उमटत नाही. गंमत अशी की गिनीपिगचे हृदय या बाबतीत आपल्या अधिक जवळ आहे. नाकासाठी एक प्राणी, हृदयासाठी दुसरा.

ज्याला माणसासारखा हा आजार आपोआप होतो असा प्राणी आहे का? आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने उघड्या पडलेल्या डोंगरांवर सीडरची, तिकडे तिला सुगी म्हणतात, अफाट लागवड केली. झाडे मोठी झाली आणि दर वसंतात परागांचे पिवळे धुके उठू लागले. १९६० च्या दशकात माणसांत या वावड्याची पहिली नोंद झाली. आज तो तिथला घरोघरचा आजार आहे. आणि १९८० च्या दशकात असे लक्षात आले की त्या डोंगरांतली माकडेही फेब्रुवारी-मार्चमध्ये शिंकतात, डोळे चोळतात, त्यांचे नाक वाहते. त्यांच्या रक्तात सुगीविरुद्धचे आयजीई सापडले. त्यांना कोणी टोचले नव्हते, चिथावणी दिली नव्हती. साम्य इथे सर्वांत मोठे. पण अशी माकडे थोडी आणि त्यांची पैदास संथ. शिवाय साम्य जितके वाढते तितके सुरीला हात लावणे अवघड होते. ज्या कारणाने माकडावरचा प्रयोग माझ्यासाठी उपयोगी, त्याच कारणाने तो करण्याचा मला कमी अधिकार. या पेचातून तर्कशास्त्र मला तरी बाहेर काढू शकलेले नाही.

आपल्याकडेही परागांचे असे एक प्रकरण आहे. गाजरगवत १९५० च्या दशकाच्या मध्यास पुण्याजवळ प्रथम दिसले आणि तिथून सर्वत्र पसरले. त्याने कातडीला होणारा त्रास शेतकऱ्यांना चांगला ठाऊक आहे, आणि त्याचे पराग नाकालाही सोडत नाहीत. आमच्या समितीकडे अजून कोणी गाजरगवताचा प्रस्ताव आणलेला नाही. अंड्याचा मात्र पुन्हा आला.

या आजाराची एक विशेष गोष्ट मला सारखी जाणवते. हृदयविकाराचा झटका माणसाला मुद्दाम आणता येत नाही, कर्करोग लावता येत नाही. पण ज्याला आधीच परागांचे वावडे आहे त्याला, त्याच्या संमतीने, मोजून मापून थोडे शिंकायला लावता येते. लेनर्ड नून याने १९११ मध्ये लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात परागांच्या अर्काच्या वाढत्या मात्रा टोचून वावडे उतरवण्याचा उपाय प्रथम मांडला, तो रोग्यांवरच. आजही तो उपाय चालू आहे. १९८० च्या दशकापासून व्हिएन्नात आणि कॅनडातल्या किंग्स्टन येथे यासाठी खास कक्ष उभारले गेले. बंद खोलीत हवेबरोबर ठरावीक प्रमाणात पराग सोडतात, आत स्वयंसेवक ओळीने खुर्च्यांवर बसतात, आणि नाक गळणे, चोंदणे, खाज, शिंका यांना ठरावीक वेळाने स्वतःच गुण देतात. शून्य म्हणजे त्रास नाही, तीन म्हणजे असह्य. नाक किती खाजते हे उंदराला सांगता येत नाही, याला येते. झोप आली तर तेही तो सांगतो.

या कक्षात बसलेल्या माणसाचे एखादे जनुक काढून पाहता येत नाही, त्याच्या नाकाचे सगळे अस्तर कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येत नाही, आणि ज्याला वावडे नाही त्याला ते मुद्दाम लावता येत नाही. नवे, अपरिचित द्रव्य त्याला एकदम देताही येत नाही. या कामांसाठी उंदीर मागितला तर मी कागद नीट वाचतो आणि बहुधा सही करतो. पण पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या पोटात गेलेल्या, विषारी नाही हे ठाऊक असलेल्या काढ्याने शिंका कमी होतात का, एवढेच पाहायचे असेल तर मी आता पहिला प्रश्न असा विचारतो की शिंकणारी माणसे गावात कमी आहेत काय. मागच्या बैठकीत हा प्रश्न विचारल्यावर एक प्राध्यापक हसून म्हणाले, ‘सर, मग पहिले नाव तुमचेच लिहू का?’ मी लिहायला सांगितले आहे. संमतिपत्र मराठीत छापून आले की सही करायची आहे.